दहावीनंतर चित्रकला शिकायची तर

पोळा आला की बैलांची शिंगे रंगवायची असतात. गल्लीत दहा पोरे असतात, पण हाक एकालाच जाते. का? तर त्याचा हात सरळ चालतो. दिवाळीत रांगोळी काढायला एकाच पोरीला बोलावतात. तिचे ठिपके कधी चुकत नाहीत. लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती असो की शाळेच्या फळ्यावरची नक्षी असो, माणसे नेमकी त्याच पोराला शोधत येतात.

पण तेच पोर दहावीला जाते आणि म्हणते, "बाबा, मला चित्रकला शिकायची आहे." मग घरात सगळे गप्प होतात. आई म्हणते, "चित्रं काढून पोट भरतं का रे?" बाप म्हणतो, "आधी नोकरीला लाग. मग काढ काय काढायची ती चित्रं."

आईबापांचे काही चुकत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने असा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण उत्तर देण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात. चित्रकला शिकतात म्हणजे काय करतात? ती कुठे शिकवतात? किती वर्षे लागतात? बहुतेक घरांत याची कुणालाच माहिती नसते. जेव्हा कळते, तेव्हा पोराची दोन वर्षे वाया गेलेली असतात.

पहिली गोष्ट ही, की चित्रकलेची तयारी दहावीनंतर सुरू होत नाही. ती शाळेतच सुरू होते. आपल्या राज्यात कला संचालनालय नावाचे सरकारी खाते आहे. ते १९६५ साली निघाले. शाळेतल्या मुलांसाठी दोन शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट. मुले साधारण आठवीत पहिली देतात आणि नववी-दहावीत दुसरी. फॉर्म शाळेतच भरतात. चित्रकलेचे गुरुजी असतील तर तेच सगळे बघतात. नसतील तर मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे. विचारायला लाजू नये.

इंटरमिजिएट पास झालेल्या मुलाला दहावीच्या निकालात जादा गुण मिळतात. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. पुष्कळ मुले एवढ्यासाठीच परीक्षा देतात आणि पुढे ब्रश हातात धरत नाहीत. त्यात वाईट काही नाही. पण ज्याला पुढे हेच शिकायचे आहे, त्याला या परीक्षेचा खरा उपयोग वेगळाच आहे. तो पुढे सांगतो.

परीक्षेत चार पेपर असतात. एकात समोर मांडलेल्या वस्तू पाहून चित्र काढायचे. दुसऱ्यात आठवणीतून चित्र काढायचे. तिसऱ्यात नक्षी बसवायची. त्याला संकल्पचित्र म्हणतात. चौथ्यात भूमिती आणि अक्षरलेखन असते.

यातला पहिला पेपर घ्या. समोर तांब्या ठेवला आहे. तांब्याचे तोंड गोल असते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून न शिकलेला माणूस कागदावर गोल काढतो. पण तुम्ही आत्ता एक तांब्या पाटावर ठेवा आणि समोर मांडी घालून बसा. नीट बघा. तोंड गोल दिसते का? नाही. ते लांबट दिसते, आडवे दाबल्यासारखे. उभे राहून वाकून पाहिले तर पुन्हा गोल होते. तोंड डोळ्यांच्या सरळ रेषेत आणले तर नुसती एक आडवी रेघ उरते. तांब्या तोच. फरक पडला तो आपल्या डोळ्याच्या उंचीचा. आपण जे जाणतो ते न काढता जे दिसते ते काढायचे, हा पहिला धडा. तो सोपा वाटतो. पण हाताला वळण लागायला दोन-तीन वर्षे जातात.

मग माप घेणे आले. पेन्सिल हातात उभी धरायची. हात पूर्ण लांब करायचा. एक डोळा मिटायचा. तांब्याची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मोजायची आणि तीच पेन्सिल आडवी करून रुंदी मोजायची. उंचीत रुंदी किती वेळा बसते, ते कळते. गवंडी ओळंबा धरतो, सुतार गुण्या लावतो. तसेच हे चित्रकाराचे माप आहे. त्यानंतर उजेड. खिडकी डावीकडे असेल तर तांब्याची डावी कड चमकेल, उजवी काळवंडेल आणि सावली उजवीकडे पडेल. हे सगळे रोज बघून शिकायचे. देवाने हात दिला म्हणून आपोआप येत नाही.

नक्षीच्या पेपराला आपल्या बायाबापड्या आधीच निम्म्या तयार असतात, असे मला वाटते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरे काय? एकवीस ठिपके, मग वीस, मग एकोणीस. कुठली रेघ कुठून वळवायची, याचा हिशोब डोक्यात असतो. गोधडी शिवणारी बाई जुन्या लुगड्याचे तुकडे जोडताना रंगाला रंग लावूनच बघते. त्यांना कुणी कलावंत म्हणत नाही, एवढेच.

या हिशोबावर आपल्या भागात मोठा धंदा उभा राहिला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आधीचे औरंगाबाद, हे हिमरू कापडाचे गाव आहे. हिमरूत उभे धागे सुताचे आणि आडवे रेशमाचे. त्यावर वेलबुट्टी असते. ती वरून छापलेली नसते, विणलेली असते. पूर्वीची रीत अशी. नकाशा करणारा माणूस आधी चौकटीच्या कागदावर फूल काढी. कुठल्या ओळीला कुठले धागे वर उचलायचे, हे त्या चौकटी मोजून ठरत असे. मग तो हिशोब दोऱ्यांच्या गाठींत बांधून मागावर टांगत. एक जण वरून दोऱ्या ओढी, दुसरा खाली धोटा टाकी. नकाशात एक घर चुकले की पुऱ्या कापडात फूल वाकडे येणार. म्हणजे विणकराइतकाच नकाशा काढणाराही महत्त्वाचा. हातमाग कमी झाले, यंत्रमाग आले. नकाशा आता संगणकावर काढतात. पण तो काढायला नक्षी समजणारा माणूस लागतोच.

पैठणला पैठणी विणतात. तिच्या पदरावर मोर असतात, पोपट असतात, कमळे असतात. जितके रंग तितक्या रेशमाच्या तिल्ल्या. विणकर एकेक रंग हाताने फिरवून शेजारच्या रंगात अडकवतो. म्हणून खरी पैठणी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. भारी पदराच्या एका लुगड्याला कितीतरी महिने जातात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ही वस्तू अमुक मुलखाचीच, अशी सरकारी मोहोर बसली.

आता अजिंठ्याकडे वळू. सहलीला पुष्कळ जण जाऊन आले असतील. तिथल्या भिंतींवरची चित्रे दीड-दोन हजार वर्षांची आहेत. ती कशावर काढली? आधी दगडावर मातीचा गिलावा. त्यात भुसा आणि झाडांचे तंतू कालवलेले. आपण घराच्या भिंतीला करतो तसाच. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग रंग. लाल आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, हिरवाही एका जातीच्या दगडमातीचा. फक्त निळा लांबून आला. त्याचा दगड अफगाणिस्तानातला. माती आपली, कारागिरी आपली आणि निळा दगड परमुलखाचा!

ही चित्रे हीच पुढच्या चित्रकारांची शाळा झाली. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा निघाली. तिथले जॉन ग्रिफिथ्स नावाचे साहेब १८७२ साली आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला आले. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या होत्या. ते काम मधून मधून १८८५ पर्यंत चालले. तेव्हा तिथे ना वीज, ना नीट रस्ता. अंधाऱ्या लेण्यात उभे राहून ही तरुण मुले रेघ न् रेघ उतरवत होती. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले. नकला लंडनला गेल्या. १८८५ साली तिथे आग लागली आणि पुष्कळ नकला जळाल्या. किती वर्षांची मेहनत! पण त्या मुलांच्या हातात जे उतरले ते काही जळाले नाही.

पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नावाच्या बाई अशाच कामाला अजिंठ्याला आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे तरुण नंदलाल बोस होते आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचीच देखरेख करू लागले. नंदलाल बोस शांतिनिकेतनात शिक्षक झाले. आपल्या देशाच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चित्रांनी सजवली.

बरे, आता दहावीनंतरचे रस्ते बघू.

एक रस्ता अकरावी-बारावीचा. कला शाखेत रेखाकला, कलेचा इतिहास व रसग्रहण असे विषय घेता येतात. पण ते सगळ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवत नाहीत. नाव घालण्याआधी चौकशी करावी. हे विषय मिळाले नाहीत म्हणून वाट बंद होत नाही. बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी चालते. बारावीनंतर चित्रकलेची पदवी आहे. तिला बीएफए म्हणतात. ती चार वर्षांची असते. तिच्या प्रवेशाला राज्याची सीईटी परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत काय असते? वस्तू पाहून चित्र, आठवणीतून चित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. पाहा, तेच तीन पेपर! ज्याने आठवीपासून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मनापासून तयारी केली, त्याचा हात इथे चालतो. ज्याने बारावीनंतर पहिल्यांदा पेन्सिल धरली, त्याची तारांबळ उडते. मघाशी खरा उपयोग म्हणालो, तो हा.

ही पदवी शिकायला मुंबईलाच जायला हवे, असे नाही. आपल्या संभाजीनगरातच सरकारी कला महाविद्यालय आहे. ते १९७१ साली सुरू झाले. तिथे रंगकला शिकवतात, तशीच उपयोजित कलाही शिकवतात. उपयोजित कला म्हणजे कामात येणारी कला. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाच्या खोक्यावरचे चित्र, जाहिरात, दुकानाची पाटी, हे सगळे त्यात आले.

दुसरा रस्ता पदविकेचा. त्यात दहावीनंतर एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम असतो. त्याला फाउंडेशन म्हणतात. पुढे आणखी वर्षे शिकून पदविका मिळते. शाळेत चित्रकलेचा शिक्षक व्हायचे असेल तर कला शिक्षक पदविका वेगळी आहे. ती दोन वर्षांची. तिला बारावी आणि इंटरमिजिएट दोन्ही लागतात. प्रवेशाचे नियम सरकार अधून मधून बदलते. म्हणून त्या वर्षीचा नियम त्या वर्षी विचारून घ्यावा. खासगी वर्गात पैसे भरण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा. "तुमच्या संस्थेला कला संचालनालयाची मान्यता आहे का? कागद दाखवा." मान्यता नसेल तर प्रमाणपत्र घरात टांगायच्या कामाचे.

तिसरा रस्ता आयटीआयचा. सुतारकाम, शिवणकाम अशी कामे तिथे शिकवतात. लवकर कमाईला लागायचे असेल त्याने तिकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

आता पोटाचा प्रश्न. खरे सांगायचे तर चित्रकलेत महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार थोड्यांनाच मिळतो. शाळांत चित्रकला शिक्षकांच्या जागा मोजक्या असतात. पूर्वी पाट्या रंगवून कितीतरी पेंटर घर चालवत. फ्लेक्सचे छापील फलक आले आणि त्यांचे काम गेले. ज्यांना संगणकावर अक्षरे मांडता आली, ते त्याच धंद्यात टिकले. कापडाची नक्षी, पुस्तकांची चित्रे, दागिन्यांचे नमुने, जाहिराती, यांत काम आहे. पण ते आपण होऊन शोधावे लागते. पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात. ज्या घराला लगेच कमाई पाहिजे, त्याने हे धरून चालावे. आणि ज्या पोराला नुसता अभ्यास टाळायचा आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. इथे तासन् तास एका तांब्यासमोर बसावे लागते.

मुलींच्या बाबतीत एक वेगळेच ऐकू येते. "तिला रांगोळी येते, मेंदी येते, पुरे झाले की." पोराच्या हाताला कसब म्हणायचे आणि पोरीच्या हाताला हौस, हा न्याय कुठला? परीक्षेत पेपर दोघांना एकच असतो.

खर्च किती? कागद, रंग, ब्रश यांना पैसे लागतातच. शहरात राहण्याचा खर्च वेगळा. त्यासाठी सरकारी योजना आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत फीला मदत मिळते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत राहण्याखाण्याला हातभार लागतो. मागासवर्गीय मुलांच्या शिष्यवृत्त्या निराळ्या आहेत. या योजना कलेच्या शिक्षणालाही लागू आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अटी असतात, त्या वाचून घ्याव्यात. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात.

अर्जाला उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला लागतो. लागू असेल त्याला जातीचा दाखलाही लागतो. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला तहसिलीतून मिळतो, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. अर्ज गावाजवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातही देता येतो. निकालानंतर तिथे मोठी गर्दी होते. दाखले मिळायला दिवस लागतात. म्हणून दहावी-बारावीची परीक्षा संपली की लगेच, उन्हाळ्यातच अर्ज देऊन ठेवावा. पावती जपून ठेवावी.