अंधाची वाट आणि वाटाड्या कुत्रा

महाभारताच्या वनपर्वांत अष्टावक्र व जनक यांची रस्त्यावर गांठ पडते आणि वाट कोणीं कोणास द्यावी हा प्रश्न निघतो. त्या बालकानें सांगितलेल्या क्रमांत पहिला मान अंधाचा आहे. बहिरा, स्त्री व भारवाहक त्यामागून, आणि राजा त्यांच्याही मागून. ब्राह्मण समोर आला म्हणजे मात्र वाट त्याची, असेंही तो लागलीच बजावतो, तें असो.

रस्त्यावर इतकें उदार असणारें आमचें शास्त्र घरांतील वाटणींत निराळें बोलतें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाप्रमाणें जन्मांधास वडिलार्जित द्रव्यांत वांटा नाहीं. अन्नवस्त्र मात्र दिलेंच पाहिजे. एकत्र कुटुंबांतील आंधळ्या काकांचें चित्र आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. पान वेळेवर वाढलेलें, देवळापर्यंत हात धरून नेण्यास एखादा पुतण्या हजर, आणि वाटणीच्या कागदावर नांव नाहीं. ही आडकाठी १९२८ च्या कायद्यानें, दायभाग मानणारा प्रांत वगळून, दूर केली. पोसणें निराळें व हक्क निराळा, हें तेव्हां कायद्यानें मान्य केलें.

पाश्चात्यांकडील वाटाड्या कुत्र्याचें प्रकरण याच भेदाचें आहे. महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या शिपायांसाठीं जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं असे कुत्रे शिकविण्याची शाळा निघाली. १९२८ सालीं मॉरिस फ्रँक हा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडांतून बडी नांवाची कुत्री घेऊन मायदेशीं परतला. कुत्र्यास मुक्कामाचें ठिकाण ठाऊक नसतें. तें माणसानें सांगावयाचें. अडथळा टाळणें, रस्त्याच्या कडेशीं थांबणें हें त्याचें काम; आणि धन्याची आज्ञा धोक्याची असेल तर ती मोडावयासही त्यास शिकवितात! बडीनें रहदारीचे रस्ते ओलांडून दिले, पण आगगाडीचा डबा व हॉटेल यांचीं दारें उघडणें तिच्या हातीं नव्हतें. त्यासाठीं फ्रँकला वर्षानुवर्षें झगडावें लागलें.

आज तेथें १९९० च्या कायद्याखालील नियमांप्रमाणें कुत्र्याचें काम उघड दिसत नसेल तर दुकानदारास दोनच प्रश्न विचारतां येतात : अपंगत्वामुळें हा कुत्रा लागतो काय, आणि त्यास कोणतें काम शिकविलें आहे? दाखला मागतां येत नाहीं, व्यथेची चौकशी करतां येत नाहीं. कुत्रा आवरेनासा झाला तर मात्र बाहेर नेण्यास सांगतां येतें.

आमच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत भेदभावास मनाई आहे, 'वाजवी सोय' करण्याचें बंधन आहे. पण वाटाड्या कुत्र्याचें नांवही नाहीं. रत्नागिरींतील एखाद्या खाणावळवाल्यानें दार अडविलें तर अंध गिऱ्हाइकास त्या दोन मोघम शब्दांवरच भांडावें लागेल. सुगम्यतेचे नियमही सरकारनें २०१७ सालीं असे केले कीं, ते जणू शिफारसच होते. राजीव रतुरी या अंध गृहस्थांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्यांतील पंधरावा नियम रद्द ठरविला व बंधनकारक नियम करण्यास तीन महिन्यांची मुदत घातली.

आमच्या गांवीं असा कुत्रा आणला तरी तो चालेल कोठें? कडेशीं थांबावयास शिकलेल्या प्राण्यास येथें पुष्कळ रस्त्यांना कडच सांपडावयाची नाहीं. पुढें पाखाडीच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या, आणि वळणावळणावर भटकीं कुत्रीं. मंडणगड तालुक्यांत घराडी येथें अंध मुलांची स्नेहज्योती ही निवासी शाळा आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलांस तूर्त पांढऱ्या काठीचाच आधार. काठीस कोणी 'बाहेर ठेव' म्हणत नाहीं हें खरें, पण पायवाटेवर आडवी लावलेली मोटारसायकल तिला तितकीच अडविते. आणि ती लावणारा पुष्कळदां आपल्याच घरांतला असतो.

कुत्र्यास पडवीपलीकडे येऊं न देण्याची आमच्या घरांची रीत जुनी आहे, आणि राखणीच्या कुत्र्यापुरती ती ठीकच. परंतु पाहुणा त्याच्याच आधारानें उंबऱ्याशीं आला, तर त्या कुत्र्यास अंगणांत बांधणें म्हणजे पाहुण्याची काठी काढून घेण्यासारखेंच आहे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं याचा निर्णय आधींच करून ठेवावा. पाहुणा दारांत उभा असतां तो वाद नको.

सार्वजनिक जागीं कोणी अडविलें तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्यास तक्रार करतां येते. अर्ज लिहून देण्यास घरांतील शाळकरी मूलही पुरे. त्यांत दयेची याचना नसावी. तारीख, जागा आणि अडविणाऱ्याचे शब्द एवढें असावें.