कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. परतल्यावर एखादी बाई गावाकडच्या डॉक्टरांसमोर येऊन बसते, तेव्हा जुनी चिठ्ठी तिच्याकडे नसते. कोपीत भिजली किंवा वाटेत हरवली. ‘मागच्या खेपेला दिली होती तीच गोळी द्या,’ एवढेच तिला सांगता येते. गोळी कोणती, बीपी किती होता, कोणते औषध सोसले नव्हते, याची नोंद असते ती फक्त दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये.

अडचण अशी, की अनेक ठिकाणी ही नोंद विंडोज एक्सपीच्या काळातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये असते. एक्सपीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. जुना कॉम्प्युटर बंद पडला की नव्यावर तो प्रोग्रॅम बऱ्याचदा चालतच नाही. अशा वेळी उपयोगी पडते ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने घरच्या साध्या लॅपटॉपवरही तो उभा करता येतो. नवा विंडोज बाहेर, जुना एक्सपी एका खिडकीत. लिनक्स शिकणारे विद्यार्थीही हाच मार्ग वापरतात. फक्त या पाहुण्याची भूक वेळीच ओळखली नाही, तर यजमानाचे घरच रिकामे होते.

वजन वाढते, उतरत नाही

आतल्या कॉम्प्युटरची संपूर्ण हार्ड डिस्क बाहेरच्या कॉम्प्युटरवर एक मोठी फाइल म्हणून राहते. ती दोन प्रकारची असते. ‘फिक्स्ड’ डिस्क ठरवलेली सगळी जागा पहिल्याच दिवशी अडवते. ‘डायनॅमिक’ डिस्क गरजेप्रमाणे वाढते. आतल्या मशीनला १०० जीबी सांगितले, तरी सुरुवातीला फाइल काही जीबींचीच असते. म्हणून बहुतेक जण दुसरा प्रकार निवडतात आणि पुढे त्यातच फसतात.

कारण १०० जीबी हे केवळ आश्वासन असते. लॅपटॉपवर २५६ जीबी लिहिलेले असले, तरी मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे विंडोज त्याचे सुमारे २३८ जीबी दाखवतो. त्यात विंडोज, फोटो, मोबाइलचा बॅकअप. उरलेल्या जागेवर शंभर-शंभर जीबीची दोन मशीन उभी केली, तर कधीतरी जागा संपणारच. आतून पाहिले तर डिस्क निम्मी रिकामी दिसते, पण बाहेर एक इंचही जागा नसते. मग आतले मशीन काम अर्धवट टाकून थांबते. अशा वेळी घाईने ते जबरदस्तीने बंद केले, तर अर्धवट लिहिलेली नोंद बिघडू शकते.

‘मग आतल्या फाइली पुसून टाकू’ हा पहिला विचार असतो. त्याने आतली जागा मोकळी होते, पण बाहेरची फाइल सहसा तेवढीच राहते. फाइल डिलीट करणे म्हणजे रेकॉर्ड रूमच्या रजिस्टरमधले नाव खोडणे. केसपेपर गठ्ठ्यात तसाच असतो. बाहेरच्या कॉम्प्युटरला ती जागा अजून भरलेलीच दिसते.

यावरचा उपचार तीन टप्प्यांचा आहे. आधी आतल्या रिकाम्या जागेवर शून्ये लिहायची. विंडोजसाठी एसडिलीट, लिनक्ससाठी झीरोफ्री अशी साधने त्यासाठी मिळतात. मग मशीन नीट बंद करायचे. शेवटी व्हर्च्युअलबॉक्सची ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे डायनॅमिक फाइल आक्रसते. शून्ये लिहिताना फाइल तात्पुरती फुगू शकते, त्यामुळे हे काम जागा पूर्ण संपण्याआधी करावे. त्याआधी फाइलची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर असलीच पाहिजे.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

जागा खाणारा दुसरा प्रकार म्हणजे ‘स्नॅपशॉट’. एखादा बदल करण्याआधी मशीनची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवता येते. सोय चांगली आहे, पण त्यानंतरचा प्रत्येक बदल नव्या फाइलमध्ये साठत जातो. पाच स्नॅपशॉट घेतले की फाइलींची एक साखळीच तयार होते. त्यातली एखादी फाइल फोल्डरमधून हाताने उडवली, तर साखळी तुटते आणि पुढचे सगळे हातचे जाते. स्नॅपशॉट काढायचा तो सॉफ्टवेअरच्या यादीतूनच. तो काढताना फाइली एकमेकींत मिसळल्या जातात आणि त्यालाही मोकळी जागा लागते. शिवाय सगळी साखळी एकाच डिस्कवर असते. डिस्क गेली, की सगळे स्नॅपशॉटही गेले.

मोठ्या फाइली तर आत ठेवूच नयेत. सीटी स्कॅनचा एक छेद साधारण अर्ध्या एमबीचा असतो. ५०० छेदांची तपासणी म्हणजे २५० एमबी. अशा चार तपासण्यांत एक जीबी संपतो. त्या बाहेरच्या डिस्कवर ठेवून ‘शेअर्ड फोल्डर’मधून आत पाहता येतात.

मराठवाड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे ‘सेव्ह स्टेट’ करून मशीन झोपवण्याची सवय अनेकांना असते. त्यात मशीनची मेमरीही डिस्कवर लिहिली जाते. चार जीबीची मेमरी दिली असेल, तर जवळपास तेवढीही जागा जाऊ शकते. रात्री मशीन पूर्ण बंद करणे उत्तम.

पुसलेलेही वाचता येते

डिलीट केलेले आत उरते, याची दुसरी बाजू गोपनीयतेची आहे. जुना लॅपटॉप विकताना व्हर्च्युअल मशीनची फाइल तशीच राहिली, तर रुग्णांची नावे, आजार, गर्भपाताच्या नोंदीसुद्धा परक्याच्या हाती पडू शकतात. फाइल नुसती कचरापेटीत टाकून भागत नाही. विकण्याआधी संपूर्ण डिस्क नीट पुसून घ्यावी. एक्सपीला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, म्हणून त्या मशीनचे इंटरनेट बंदच ठेवावे.

उलट बाजूने, नोंद जपणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. ‘डिस्क भरली होती’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा दहा मिनिटे काढावीत. बाहेरच्या डिस्कवर निदान १५ ते २० टक्के जागा मोकळी आहे ना, पाहावे. नको असलेले स्नॅपशॉट काढावेत. मशीन बंद करून तिच्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह दवाखान्याऐवजी घरी ठेवावा. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. आणि जमेल तेव्हा जुन्या प्रोग्रॅममधल्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून ठेवाव्यात, म्हणजे उद्या तो प्रोग्रॅम उघडला नाही तरी चालेल.

उन्हाळ्यात टोळ्या परततात, तेव्हा ती बाई पुन्हा येईल आणि ‘तीच गोळी द्या’ म्हणेल. तिची नोंद तेव्हा उघडली पाहिजे.