एक मतदार, दोन मतें : स्कॉटलंडच्या पार्लमेंटची निवडणूक

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं मत दिलेलें आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुकीचा प्रसंग त्यांस नवा नाहीं. परंतु मत दिल्यावर त्याचें पुढें काय होतें, आणि मोजणीची रीत बदलली तर तींच मतें निराळा निकाल कसा देतात, या गोष्टीकडे फारसें लक्ष जात नाहीं. रास तीच असली तरी माप बदललें म्हणजे खळ्यावरील हिशेब बदलतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मतांचेंहि तसेंच आहे. हा विचार नीट समजावा म्हणून स्कॉटलंडमधील निवडणुकीची रीत आम्ही येथें उदाहरणासह सांगत आहों.

समजा, एका मतदारसंघांत एक हजार मतदारांनीं मतें दिलीं. पहिल्या उमेदवारास चारशें, दुसऱ्यास साडेतीनशें व तिसऱ्यास अडीचशें मतें पडलीं. आपल्याकडील लोकसभेच्या व विधानसभेच्या रीतीप्रमाणें पहिला उमेदवार निवडून आला. यांत कोणी लबाडी केली असें नाहीं. नियमच तसा आहे. परंतु सहाशें मतदारांनीं ज्यांस पसंत केलें, त्यांपैकीं एकहि सभेंत जाऊन बसला नाहीं. एका मतदारसंघांत असें झालें तर त्याचें फारसें वाटत नाहीं. पण असाच प्रकार लागोपाठ अनेक मतदारसंघांत झाला, तर मोठ्या समूहाचा आवाज सभेंतून अजीबात नाहींसा होतो. स्कॉटलंडांत १९९७ सालीं हेंच घडलें. त्या वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकींत तेथील हुजूर पक्षास शेंकडा साडेसतरा मतें मिळालीं, आणि ७२ जागांपैकीं एकहि जागा मिळाली नाहीं. उलट मजूर पक्षास शेंकडा ४६ हून किंचित् कमी मतें मिळून ५६ जागा मिळाल्या.

स्कॉटलंड हा ग्रेट ब्रिटनचा उत्तरेकडील भाग होय. त्याचें क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारें एक चतुर्थांश असून वस्ती सुमारें ५४ लक्ष आहे. १७०७ सालीं इंग्लंडशीं एकीकरण झालें, तेव्हां तेथील स्वतंत्र पार्लमेंट बंद पडलें. पुढें ११ सप्टेंबर १९९७ रोजीं लोकमत घेण्यांत आलें व शेंकडा ७४ मतें स्वतःचें पार्लमेंट असावें या बाजूनें पडलीं. त्याप्रमाणें १९९८ चा स्कॉटलंडचा कायदा झाला आणि ६ मे १९९९ रोजीं पहिली निवडणूक झाली. परराष्ट्रव्यवहार व संरक्षण हीं खातीं लंडनकडे राहिलीं. शेती, जंगलें, जमिनीचे कायदे, शिक्षण व आरोग्य हे विषय नव्या पार्लमेंटकडे आले.

यांतील जमिनीचा विषय आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत व बेटांवर क्रॉफ्टर या नांवानें ओळखले जाणारे अल्पभूधारक कूळ-शेतकरी आहेत. मेंढ्यांच्या कुरणांसाठीं जमीनमालकांनीं यांच्या पूर्वजांस गांवेंच्या गांवें उठवून घालवून दिलें होतें. पुढें कुळांनीं चळवळ केली व १८८६ सालीं त्यांच्या कुळवहिवाटीस संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्याकडे १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा झाला, त्याच सुमाराची ही हकीगत आहे. नव्या पार्लमेंटनें २००० सालीं सरंजामी जमीनधारणा रद्द करण्याचा कायदा केला व तो २००४ सालीं अमलांत आला. २००३ सालच्या कायद्यानें क्रॉफ्टरांच्या वस्तीस, मालकाची इच्छा नसली तरी, सरकारच्या संमतीनें व ठरविलेल्या किंमतीस जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. अशा सभेंत कोण बसतो व कोण बसत नाहीं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन भिडतो तो असा.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. पार्लमेंटचे सभासद १२९. त्यांपैकीं ७३ एकेका मतदारसंघांतून निवडले जातात. बाकीच्या ५६ जागांसाठीं देशाचे आठ मोठे विभाग केले असून प्रत्येक विभागास सात जागा दिल्या आहेत. मतदारास दोन मतपत्रिका मिळतात. फिकट जांभळ्या पत्रिकेवर तो आपल्या मतदारसंघांतील एका उमेदवारापुढें फुली करतो. या जागेचा निकाल आपल्याकडील रीतीनेंच लागतो. दुसरी पत्रिका फिकट नारिंगी रंगाची. तिच्यावर तो विभागासाठीं एखाद्या पक्षास अथवा स्वतंत्र उमेदवारास मत देतो. प्रत्येक पक्षानें आपल्या उमेदवारांची क्रमवार यादी अगोदर जाहीर केलेली असते. पक्षाच्या वांट्यास जितक्या जागा येतील, तितके उमेदवार त्या यादींतील वरच्या क्रमानें घेतले जातात.

सर्व मर्म या दुसऱ्या मताच्या हिशेबांत आहे. विभागांत पक्षास मिळालेल्या मतांस एका संख्येनें भागावयाचें. ती संख्या म्हणजे त्या पक्षानें त्या विभागांत आधीं जिंकलेल्या जागा अधिक एक. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्यास पहिली जागा. जागा मिळाली कीं त्या पक्षाचा भाजक एकानें वाढतो, व पुन्हां तुलना होते. असें सात वेळां करावयाचें. ज्यानें अगोदरच पुष्कळ जागा घेतल्या, त्याचा भाजक मोठा असल्यामुळें तो मागें पडतो; ज्यास कांहींच मिळालें नाहीं, तो पुढें येतो. ही रीत बेल्जममधील कायदेपंडित व्हिक्टर डोंट यानें १८७८ सालीं मांडली व ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

ग्लासगो विभागांतील २०२१ सालचा हिशेब येथें सोडवून दाखवितों. आंकडे सोयीसाठीं शंभराच्या पटींत घेतले आहेत. त्या वेळीं विभागांत नऊ मतदारसंघ होते, आणि नऊहि स्कॉटिश राष्ट्रीय पक्षानें जिंकले. विभागाचीं मतें पुढीलप्रमाणें पडलीं : राष्ट्रीय पक्ष १,३३,९००, मजूर पक्ष ७४,१००, हुजूर पक्ष ३७,०००, ग्रीन पक्ष ३६,१००. राष्ट्रीय पक्षाच्या नऊ जागा झालेल्या असल्यामुळें त्याचा भाजक दहा, भागाकार १३,३९०. इतर तिघांचा भाजक एक.

पहिली जागा : मजूर पक्ष, ७४,१००. आतां त्याचा भाजक दोन, भागाकार ३७,०५०.
दुसरी जागा : पुन्हां मजूर पक्ष, ३७,०५०. आतां भाजक तीन, भागाकार २४,७००.
तिसरी जागा : हुजूर पक्ष, ३७,०००. आतां भाजक दोन, भागाकार १८,५००.
चौथी जागा : ग्रीन पक्ष, ३६,१००. आतां भाजक दोन, भागाकार १८,०५०.
पांचवी जागा : मजूर पक्ष, २४,७००. आतां भाजक चार, भागाकार १८,५२५.
सहावी जागा : मजूर पक्ष, १८,५२५. आतां भाजक पांच, भागाकार १४,८२०.
सातवी जागा : हुजूर पक्ष, १८,५००.

येणेंप्रमाणें मजूर पक्षास चार, हुजूर पक्षास दोन व ग्रीन पक्षास एक जागा मिळाली. ग्रीन पक्षास आणखी सुमारें एक हजार मतें पडतीं, तर शेवटची जागा त्याची होती. आतां एकंदर पाहूं. वरील तीन पक्षांचीं मतें मिळून १,४७,२०० होतात, म्हणजे राष्ट्रीय पक्षाहून अधिक. तरी केवळ मतदारसंघांच्या रीतीनें त्यांस शून्य व राष्ट्रीय पक्षास नऊ जागा गेल्या असत्या. दुसऱ्या मतामुळें सोळांपैकीं नऊ व सात अशी वांटणी झाली. न्याय पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं. परंतु शून्याचे सात झाले, हा फरक लहान नव्हे.

देशभरचा परिणामहि असाच झाला. २०२१ सालीं राष्ट्रीय पक्षास मतदारसंघांच्या मतांपैकीं शेंकडा ४७.७ मतें मिळून ७३ पैकीं ६२ जागा मिळाल्या. पण यादींतून अवघ्या दोन, एकूण ६४. बहुमतास ६५ लागतात, म्हणजे एक जागा कमी पडली. हुजूर पक्षाच्या ३१ जागांपैकीं २६ व मजूर पक्षाच्या २२ पैकीं २० यादींतून आल्या. ग्रीन पक्षाच्या आठहि यादींतील होत. उदारमतवादी पक्षाच्या चारहि जागा मात्र मतदारसंघांतील होत्या. १९९७ सालीं एकहि जागा न मिळालेल्या हुजूर पक्षास १९९९ च्या पहिल्या निवडणुकींतहि एकहि मतदारसंघ जिंकतां आला नव्हता. तरी यादीमुळें त्याचे १८ सभासद पार्लमेंटांत गेले. ज्यांची मतें पटत नाहींत त्यांसहि समोरासमोर बसून उत्तर द्यावें लागणें, हेंच सभेचें खरें काम होय.

या रीतींत दोष नाहींत असें मात्र नाहीं. पहिला दोष यादीचा. यादीचा क्रम पक्ष ठरवितो. मतदारास त्यांतील एखादें नांव वर-खालीं करतां येत नाहीं. दुसरा दोष असा कीं, एखादा पक्ष फार प्रबळ असला तर यादींतील त्याचीं मतें निष्फळ जातात. ग्लासगोंतील १,३३,९०० मतांस यादींतून एकहि जागा मिळाली नाहीं, हें वर दिसलेंच. याचा लाभ घेण्याच्या हेतूनें २०२१ सालीं आल्बा हा नवा पक्ष केवळ यादीवर उभा राहिला. परंतु त्यास एकहि जागा मिळाली नाहीं. तिसरी गोष्ट, ही रीत कोणासहि बहुमत मिळूं देत नाहीं असा समज आहे, तो खरा नाहीं. २०११ सालीं राष्ट्रीय पक्षास ६९ जागा मिळाल्या. स्वतंत्र उमेदवारासहि वाट बंद नाहीं. मार्गो मॅक्डोनल्ड या बाई २००३, २००७ व २०११ या तिन्ही वेळां लोथियन विभागांतून यादीच्या मतांवर स्वतंत्रपणें निवडून आल्या. मात्र पक्षाच्या यादींतील सभासद गेला तर त्याच यादींतील पुढचा येतो. स्वतंत्र सभासदामागें यादीच नसते. म्हणून २०१४ सालीं बाई वारल्यावर ती जागा पुढील निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली.

रीत चांगली असली तरी ती मतदारास समजली पाहिजे, याचा धडा २००७ सालीं मिळाला. त्या वर्षीं दोन्ही मतें एकाच कागदावर छापलीं, आणि त्याच दिवशीं स्थानिक मंडळांची निवडणूकहि ठेविली. तिच्यांत फुलीऐवजीं १, २, ३ असे पसंतीचे आंकडे घालावयाचे होते. परिणाम असा झाला कीं, पार्लमेंटच्या निवडणुकींत एक लक्षाहून अधिक मतें बाद झालीं. कनिंगहॅम उत्तर या मतदारसंघाचा निकाल केवळ ४८ मतांनीं लागला, आणि तेथें बाद झालेलीं मतें त्याच्या कितीतरी पट होतीं. त्या निवडणुकींत राष्ट्रीय पक्षास ४७ व मजूर पक्षास ४६ जागा मिळाल्या होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे एकेका मताचें मोल कळतें. पुढें चौकशी झाली व २०११ पासून दोन निराळ्या रंगांच्या पत्रिका आल्या.

आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. विरळ वस्तीचा मुलूख मोठ्या शहरांच्या संख्याबळापुढें बुडूं नये म्हणून ऑर्कनी, शेटलंड व पश्चिम बेटें यांस कायद्यानेंच एकेक स्वतंत्र मतदारसंघ राखून दिला आहे. शेटलंडांत मतदार अठरा हजारांच्या आसपास, तर सामान्य मतदारसंघांत पन्नास हजारांहून अधिक असतात. दुसरी गोष्ट मतदारांच्या हक्काची. २०१६ च्या निवडणुकीपासून तेथें सोळा वर्षांवरील तरुणांस मत आहे; आणि तेथें रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकासहि, राष्ट्रकुलांतील देशाचा नागरिक या नात्यानें, मत देतां येतें. आमच्या वाचकांचीं जीं मुलें-माणसें शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं त्या देशीं गेलीं असतील, त्यांनीं आपलें नांव यादींत नोंदविलें आहे कीं नाहीं हें पाहावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मतांच्या निराळ्या रीती आपणांस अगदींच अपरिचित नाहींत. १९३७ सालीं मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हां अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदारास जागांइतकीं मतें असत व तीं सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा असे. त्यामुळें थोडक्या लोकांसहि एकजुटीनें आपला एक माणूस निवडून आणतां येई. आज आमचे बहुतेक वाचक कोणत्या ना कोणत्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. जेथें पंधरा जागांसाठीं प्रत्येकास पंधरा मतें, पण एका उमेदवारास एकच, अशी रीत आहे, तेथें हजारांपैकीं ५१० सभासद एका पॅनेलमागें उभे राहिले तर पंधराहि जागा त्यांच्याच होतात. उरलेल्या ४९० जणांचा ऊंस, दूध व भागभांडवल संस्थेंत असतें, परंतु हिशेबाच्या वहीवर त्यांचा डोळा नसतो.

स्कॉटलंडची रीत जशीच्या तशी येथें आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. बी परमुलखांतून आणलें तरी आपल्या मातींत तें रुजतें कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पुढील वेळीं कोणत्याहि निवडणुकीची सूचना हातीं येईल, तेव्हां उमेदवारांचीं नांवें वाचण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. मला मतें किती? तीं मोजण्याची रीत कोणती? आणि हरलेल्या मतांचें पुढें काय होतें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जिंकणाऱ्यानेंहि नीट ऐकून ठेवावें. एका हंगामांत ज्याची रास मोठी, त्याचीच पुढच्या हंगामांत मोठी राहील असा भरंवसा कोणी द्यावा?