पोर्ट उघडला, तरी दार बंदच?

घरचा कॅमेरा किंवा गेम सर्व्हर बाहेरून दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी काहीच होत नाही? तोच नियम पुन्हा पुन्हा पुसून लिहिण्याआधी राउटरमधला वॅन आयपी पाहा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले, तर दोष बहुधा तुमच्या नियमात नाहीच. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे सीजीनॅट: कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४२९ कोटी, त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून ही काटकसर. अशा वेळी स्टॅटिक आयपी मागावा (बहुतेकदा जादा पैसे पडतात) किंवा आयपीव्ही६ वापरावं. १९२.१६८ दिसला, तर पुढे आणखी एक राउटर बसलाय, बहुधा फायबरवाल्याने लावलेला डबाच. नियम तिथेही लिहावा लागतो.

आकडे जुळले, तर कॅमेऱ्याचा घरातला पत्ता बदललाय का, कॉम्प्युटरची फायरवॉल आडवी येते का, ते बघा. आणि चाचणी घरच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून करा. आतून निघून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येणं कित्येक राउटरना जमत नाही.