भिंगामागून (लेखांक ९) : पाच फुटांच्या ओळीत

नांदेड-हिंगोली रस्त्याने अर्धापूर मागे टाकलं की डोंगरकड्याकडे जाताना केळीच्या बागा दिसतात. अशा बागेत शिरून घडासकट अख्खं झाड फोटोत घ्यायचं म्हटलं तर पहिली अडचण जागेची येते. दोन ओळींत पाच फूट, फार तर सहा. पाठ मागच्या खोडाला टेकलेली आणि समोरचं झाड पानांसकट दहा फुटांच्या घरात.

इथे थोडा हिशेब करू. निकॉनच्या नेहमीच्या डीएसएलआरमधला सेन्सर लांबीला साधारण २३.५ मिलिमीटर असतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर १८ मिलिमीटर लावून कॅमेरा उभा धरला, तर पाच फुटांवरून साडेसहा फूट उंची मावते. १० मिलिमीटरला पावणेबारा फूट. झाडापर्यंतचं अंतर गुणिले सेन्सरची लांबी, भागिले फोकल लेंग्थ, एवढंच हे गणित आहे. वाइड लेन्स घ्यावी की नाही, हे ठरवायला माझ्या मते हाच गुणाकार पुरतो. तुमच्या कामाच्या जागी मागे किती सरकता येतं ते आधी मोजा. सरकता येत असेल तर पैसे खर्च करू नका.

लेन्सवरचा आकडा एकटा वाचून चालत नाही, हेही याच हिशेबातून कळतं. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे त्यावर १६ मिलिमीटरला जेवढं दिसतं जवळपास तेवढं दिसायला निकॉनच्या लहान सेन्सरवर १० लागतं. कॅननचा लहान सेन्सर आणखी किंचित छोटा आहे. दुकानात ‘सोळाची वाइड आहे, घेऊन जा’ असं सांगितलं तर तुमच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती १८-५५पेक्षा थोडीशीच रुंद निघेल.

आता या लेखाचा खरा विषय. वाइड लेन्स जास्त जागा सामावून घेते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिच्यामुळे आपण वस्तूच्या फार जवळ जातो, आणि जवळ गेल्यावर लहानमोठेपणाचं प्रमाण बदलतं, याकडे लक्ष जात नाही. तीन फुटांवरचं झाड तीस फुटांवरच्या तेवढ्याच झाडापेक्षा फोटोत दहापट मोठं दिसतं. सात फूट मागे जा. आता अंतरं दहा आणि सदतीस झाली आणि फरक चारपटीच्याही आत आला. हा फरक पावलांचा आहे, लेन्स फक्त तेवढं जवळ उभं राहू देते.

वादळात आडव्या झालेल्या केळीचा फोटो काढताना हे फार महत्त्वाचं ठरतं. पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटला की घडांच्या ओझ्याने वाकलेली झाडं मोडतात. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा येतील, तोवर घरातलं कुणीतरी मोबाइल घेऊन बांधावर धावतं. आजच्या बऱ्याच मोबाइलवर ‘०.५’ असं बटण असतं, ती अल्ट्रावाइड लेन्स. आयफोन ११मध्ये, म्हणजे २०१९ साली, आलेली अशी लेन्स फुल फ्रेमवरच्या १३ मिलिमीटरएवढं दृश्य घेते. मोडलेल्या झाडाशी उभं राहून ०.५ने फोटो काढला की पायाजवळची दोन-तीन झाडं प्रचंड दिसतात आणि मागची शेदोनशे झाडं बारीक होऊन एका हिरव्या पट्टीत विरतात. ज्याची सगळी बाग गेली त्याच्या फोटोत दोन झाडं गेल्यासारखं दिसतं. उलटही होतं. चार झाडं पडलेल्या ठिकाणी अगदी खाली बसून काढलेला फोटो बाग उद्ध्वस्त झाल्यासारखा वाटतो. शेतकऱ्याचं नुकसान सांगणारा फोटो खरा दिसला पाहिजे, तरच तो त्याच्या बाजूने उभा राहतो.

म्हणून एकाच जागेवरून दोन फोटो काढा. एक वाइड. त्यात विहीर, विजेचा खांब, मोटारीची खोली असं काही न हलणारं आलं पाहिजे, म्हणजे शेत ओळखू येतं. दुसरा मोबाइलच्या ‘२’वर, किंवा १८-५५ असेल तर ३५ मिलिमीटरच्या आसपास. यात पडलेल्या ओळी एकामागे एक दाटलेल्या दिसतात आणि मोजताही येतात. जमलं तर उंचावर उभे राहा. ट्रॉलीवरून काढलेल्या फोटोत मागच्या ओळी पुढच्यांच्या आड जात नाहीत.

घडाच्या जवळून फोटो काढायचा असेल तर मात्र वाइडसारखं साधन नाही. १० मिलिमीटर, एफ ८, फोकस दोन फुटांवर. फुटाभरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. घडाच्या फण्याही आणि बागेच्या टोकाला पाणी धरणारा माणूसही. वसमतकडे हळद वाळत घातलेली असते तेव्हा जमिनीलगत कॅमेरा ठेवून हेच करून बघा.

लग्नाच्या फोटोत सावध राहा. वाइड लेन्स कडेच्या गोष्टी ताणते. लहान सेन्सरवर १० मिलिमीटरला अगदी कडेचा चेहरा उंचीच्या मानाने जवळपास दीडपट रुंद होतो, १८ला हा ताण पाचव्या हिश्शाएवढाच असतो. त्यामुळे ग्रुप फोटोत आजी-आजोबांना टोकाला उभं करू नका. टोकाला थोडी भिंत सुटू द्या. औंढा नागनाथसारख्या देवळाचा फोटो बाहेरून काढताना कॅमेरा वर उचलला की भिंती मागे कलंडतात. कॅमेरा सरळ धरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा.

घ्यायची कोणती? लहान सेन्सरच्या कॅननसाठी १०-१८ ही २०१४ची लेन्स, निकॉनसाठी १०-२० ही २०१७ची. दोन्ही अडीचशे ग्रॅमच्या आत, दोन्ही २२ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतात. शेत, देऊळ, बाजार यांना त्या पुरतात. मात्र निकॉनची ती एएफ-पी जातीची आहे आणि डी९०सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकसच चालत नाही. घरातली हळद, रात्रीची वरात हेच मुख्य काम असेल तर टोकिनाची ११-१६ एफ २.८ बघा. ती आधीच्या दोन लेन्सच्या एफ ४.५च्या तुलनेत अडीचपट उजेड घेते, पण वजन दुपटीहून जास्त आहे. तिच्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही, म्हणून डी३०००-डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यावर फोकस हाताने करावा लागेल. मिररलेसवाल्यांचं काम हलकं झालं आहे. लेन्स आणि सेन्सरमधला आरसा गेल्यामुळे भिंग सेन्सरजवळ बसवता येतं. कॅननची २०२१ची १६ मिलिमीटर एफ २.८ फक्त १६५ ग्रॅमची आहे. आरसा होता तोवर १० मिलिमीटरची लेन्स त्याहून कितीतरी लांबून सेन्सरवर चित्र पाडत होती. फोकल लेंग्थपेक्षा लांबून चित्र पाडण्याची ही युक्ती फ्रान्सच्या पिएर आँजेनिओ यांनी १९५०मध्ये फोटोच्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली.

पुढची काच फुग्यासारखी बाहेर आलेल्या लेन्सवर साधा फिल्टर बसत नाही. मळणीच्या दिवसांत आणि हळद पॉलिश होताना उडणारी धूळ थेट काचेवर बसते, म्हणून आपल्याकडे मी तसली लेन्स सुचवणार नाही.

जुनी घेत असाल तर विटांच्या सपाट भिंतीसमोर उभे राहा. कॅमेरा भिंतीला समांतर धरून एफ ५.६ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर चालेल. एक कोपरा पुसट आणि बाकीचे तीन स्पष्ट असतील तर आतलं भिंग सरकलेलं आहे, ती परत द्या. मग मोबाइलचा टॉर्च मागून आत टाका. बुरशीचे धागे असतील तर कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतील.

पुढच्या आठवड्यात पोलरायझर, आणि वाइड लेन्सवर त्याने आकाश डागाळलेलं का दिसतं, ते पाहू.