पाणबुड्याची परतीची वाट

बंगळूर शहरातील चिकपेट हा रेशमी वस्त्रांच्या दुकानांनी गजबजलेला जुना भाग होय. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर असून शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील विद्यार्थी सागरी जीवशास्त्राच्या अभ्याससहलीस निघाला आणि पाण्याखाली उतरावयास शिकला, तर त्याला आपल्या घराची ही उंचीही हिशेबात धरावी लागते. असे का, हे उमजले म्हणजे या विद्येचे मर्म हाती आले.

अशा सहलीस योग्य स्थळ म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा किनारा. येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा-शिक्षणाची संस्था उभारली आहे. जाळ्यात सापडलेल्या माशावरून त्याची जात कळते. परंतु तो कोणत्या कपारीत राहतो, कोणत्या प्रवाळाच्या आश्रयाने वावरतो, हे तेथे जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून विद्यार्थी तळाशी मोजपट्टी अंथरतो आणि तिच्या लगतचे जीव पाण्याखाली लिहिता येणाऱ्या पाटीवर नोंदवितो.

त्याच्या पाठीवरील टाकीत शुद्ध प्राणवायू नसून दाबून भरलेली साधी हवा असते. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यां यांनी सिद्ध केलेल्या नियामकामुळे ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात येते. समुद्रात दर १० मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. अर्थात १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो.

यातूनच पहिला नियम निघतो: श्वास कधीही रोखून धरू नये. बॉइलच्या नियमानुसार दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर आल्यास तिला दुप्पट जागा हवी असते. ती न मिळाल्याने फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो. हा धोका उथळ पाण्यातही असल्याने तरणतलावातील पहिल्याच पाठात ही सवय अंगी बाणवावी लागते.

दुसरा नियम नत्रवायूसंबंधी आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग असलेला हा वायू वाढत्या दाबाखाली रक्तात व शरीराच्या पेशीसमूहांत अधिक प्रमाणात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण एकाएकी उघडले की बुडबुडे फसफसून येतात. पाणबुड्या घाईने वर आला तर त्याच्या शरीरातही तसेच घडू शकते. त्यामुळे सांधे असह्य दुखतात, क्वचित अर्धांगही होते. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. ती १९०८ साली प्रसिद्ध झाली. आज मिनिटाला सुमारे ९ मीटरहून अधिक वेगाने वर न येण्याची आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची शिकवण दिली जाते.

परंतु पृष्ठभागावर पोचल्याने चढण संपत नाही. काही नत्रवायू अजून शरीरात शिल्लक असतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी असतो. बंगळूरला तो किनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे नऊ-दशांशच भरतो. विमानात तो याहूनही उतरतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास व अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळण्याचा दंडक आहे. सह्याद्रीचा घाट चढणाऱ्या मोटारीसही तेच तत्त्व लागू पडते. सहलीचा अखेरचा दिवस कोरडा ठेवून त्यात नोंदी तपासून घेणे हेच शहाणपणाचे होय. चिकपेटच्या विद्यार्थ्याची बुडी मालवणच्या किनाऱ्यावर संपत नाही. तो सुखरूप घरी पोचतो तेव्हाच ती पुरी होते.