वॉटसन्स हॉटेल : एकेकाळचा गोऱ्यांचा बार, आज 'हेरिटेज', पण दुरुस्ती करायची कोणी?

फोंडाघाट : कोर्टकचेरी किंवा नोकरीनिमित्त मुंबईला काळा घोडा परिसरात गेलेल्या चाकरमान्यांनी एक जुनी, मोडकळीस आलेली पाच मजली इमारत नक्की पाहिली असेल. तीच एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल.

जॉन वॉटसन या इंग्रज कापड व्यापाऱ्याने १८६० च्या दशकात ही इमारत बांधली. तिचे बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणल्या आणि इथे जोडल्या. तळमजल्यावर बार आणि खानावळ, वर राहण्याच्या खोल्या. बारमध्ये दारू द्यायला मुलीसुद्धा विलायतेहून आणल्या होत्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चलतचित्र भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच.

जमशेदजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज हॉटेल बांधले, असे सांगतात. मात्र त्याला पक्का पुरावा नाही.

पुढे हॉटेल बंद पडले. खोल्यांचे तुकडे पाडून ते भाड्याने दिले गेले. कोर्ट जवळ असल्याने वकिलांची ऑफिसे थाटली. मालक-भाडेकरू वादात दुरुस्ती रखडली. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की वाचवावी, हा वाद कोर्टात गेला.

मग 'हेरिटेज' म्हणजे नेमके काय? मुंबईत १९९५ पासून यासाठी नियम आहेत. इमारतींना १, २-अ, २-ब आणि ३ अशा श्रेणी असतात. ही इमारत २-अ श्रेणीत आहे. अशा इमारतीत परवानगीशिवाय पाडापाडी किंवा बदल करता येत नाही. पण मालकी मालकाचीच राहते. यादीत नाव आले म्हणून दुरुस्तीचा पैसा आपोआप येत नाही. कागद इमारतीला पाडण्यापासून वाचवतो, गळतीपासून नाही.

हे दुखणे आपल्याकडेही ओळखीचे आहे. असेसमेंटला दहा नावे, निम्मी माणसे मुंबईत, आणि पावसाआधी सामाईक घर शाकारायचे कोणी, यावर भांडण. तोवर वासे कुजतात. खर्चाची वाटणी वेळेत ठरली, तरच जुने घर उभे राहते. मग ते काळा घोड्याला असो की फोंड्यात.